निकम सत्तावीस

“आबा, पेपरात नाव आलंय तुमचं!”

मी जवळजवळ ओरडतच अंगणात आले. आबा लिंबाच्या बुंध्याला टेकून खुरप्याची मूठ ठोकत बसले होते. एकाहत्तरच्या लढाईला पंचवीस वर्षं पुरी होत होती, म्हणून जिल्ह्यातल्या पदकवाल्या जवानांचा सत्कार साताऱ्याला ठरला होता आणि त्यांची यादी छापून आली होती. सातव्या ओळीत होतं: हिंदुराव निकम, सेना मेडल.

आबांनी हात पुढे केला. चष्मा जवळ नव्हता, म्हणून पेपर लांब धरून त्यांनी ती ओळ वाचली. मग पेपराची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि पेपर मला परत दिला.

“फुडं गाव वाचलंस का?”

वाचलं नव्हतं. नावापुढे पाटणकडच्या एका वाडीचं नाव होतं.

“दुसरा निकम हाय त्यो. आमच्याच पलटणीतला. एका नावाचे दोघं होतो आम्ही.”

“मग तुम्हाला काहीच नाही मिळालं?”

आबा उठले. आत्ताच रानातून आले होते, तरी खुरपं घेऊन लंगडत पुन्हा रानाकडे निघाले. मूठ अजून नीट बसली नव्हती.

ही शहाण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा देऊन तालुक्याला कोर्टाजवळ बर्गे वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही बापलेक दोघंच.

आबांना गावात डाळफौजी म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. लढाईनंतर वर्षभरानं ते पलटणीतून घरी आले ते डाव्या पायानं अधू होऊन. गाव त्यांना बघायला लोटलं होतं म्हणे. कसलासा फॉर्म भरायचा म्हणून आबांनी आपलं डिस्चार्ज बुक शाळेतल्या गुरुजींकडे दिलं आणि गुरुजींनी ते इंग्रजी चारचौघांत मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. त्यात गोळी नव्हतीच. पाय स्वयंपाकघरात उकळती डाळ सांडून भाजला, असं लिहिलेलं होतं. आबा म्हणाले, हे चुकलंय. गुरुजी म्हणाले, सरकारी शिक्का आहे, निकम. त्यानंतर आबांनी एकदा पत्र पाठवलं. नोंद तपासली, बरोबर आहे, असं उत्तर आलं. पुढे त्यांनी तो विषय कायमचा टाकून दिला. शाळेत पोरं मला ‘डाळफौज्याची’ म्हणत. मी रडत घरी यायचे. आई पदरानं माझं तोंड पुसायची आणि काही बोलायची नाही.

त्या दिवशी मात्र मला चैन पडेना. आबा रानात गेल्यावर मी त्यांची काळी ट्रंक उघडली. तळाशी आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत एक निळं पत्र मिळालं. पलटणीतल्या त्यांच्या कंपनीच्या साहेबानं हातानं लिहिलेलं, इंग्रजीत, बहात्तरच्या मार्चमधलं, वर आबांचा इस्पितळाचा पत्ता. आबांना एवढं इंग्रजी येत नव्हतं, आईला तर अजिबातच नाही. गुरुजींच्या त्या वाचनानंतर आणखी एक इंग्रजी कागद आबांनी कुणापुढे धरला नसणार. मला इंग्रजी येत होतं. साहेबानं लिहिलं होतं: तुझ्या पदकाची शिफारस मंजूर झाल्याचं कळलं. त्या उतारावरून दोन जखमी जवानांना तू पाठीवर खाली आणलंस ते मी स्वतः पाहिलं आहे. लवकर बरा हो. वरच्या कोपऱ्यात आबांचा नंबर होता आणि शेवटचे दोन आकडे ठळक गिरवलेले होते. सत्तावीस.

म्हणजे पदक आबांचं होतं आणि सत्कार दुसऱ्याचा व्हायचा होता. पत्र मी पर्समध्ये टाकलं आणि शालू होता तसा ठेवून दिला.

रविवारी मैत्रिणीच्या साखरपुड्याचं सांगून मी पाटणची एसटी धरली. कऱ्हाडला गाडी बदलली. त्या माणसाला काय काय सुनवायचं ते मी सगळ्या वाटेवर जुळवत होते. शेजारची बाई दोनदा म्हणाली, “अगं, किती चुळबूळ करतीस! बस की जरा.”

वाडीत विचारलं तर एका माणसानं गिरणीकडे बोट दाखवलं. पत्र्याची पिठाची गिरणी होती. एक उंच, हडकुळा माणूस धान्याचा डबा रिकामा करत होता. भुवया, मिशा, कान सगळं पिठानं पांढरं झालेलं.

“हिंदुराव निकम तुम्हीच का?”

“व्हय. काय दळायचंय?”

“मी हिंदुराव निकमांची मुलगी.”

त्यानं मला खालवर बघितलं. “माझ्या पोरी मला ठावं हायत, बाय.”

“तुमची नव्हे. सत्तावीस नंबरच्या निकमांची.”

त्यानं हात लांबवून बटण बंद केलं. पट्टा फटफट करत हळूहळू थांबला. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानाला टोचत होती.

“सत्तावीस जिता हाय?” त्यानं विचारलं.

“जिवंत आहेत,” मी म्हणाले, आणि वाटेत जुळवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. “गावात लोक त्यांना डाळफौजी म्हणतात. त्यांचं पदक तुम्ही पंचवीस वर्षं दाबून ठेवलंत. आता सत्काराला जाऊन शालही पांघरून घ्याल. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?”

दळणाला आलेली एक म्हातारी डबा तसाच ठेवून बाहेर गेली. निकम खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत उभे राहिले. पीठ निघालं तशी खालची काळी, सुरकुतलेली कातडी दिसायला लागली.

“डाळ माझ्या पायावर सांडली हुती,” ते म्हणाले. “लढाईच्या आधी महिनाभर. आमचे नंबर बघ, सगळे आकडे सारखे, फक्त शेवटाला त्यो सत्तावीस आन् मी बहात्तर. पलटणीत आम्हाला नावानं कुणी हाकच मारत नव्हतं. निकम सत्तावीस, निकम बहात्तर. कुणा कारकुनानं दोन आकडे उलटे मारले. माझी डाळ त्याच्या बुकात गेली, त्याची गोळी आन् त्याचं मेडल माझ्या.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“ये,” ते म्हणाले. “घरात ये.”

घरात त्यांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. आत सुतळीनं बांधलेले कागद होते. त्र्याहत्तर सालापासून अठ्ठ्याऐंशीपर्यंतचे सहा अर्ज, कधी मराठीत, कधी मोडक्यातोडक्या इंग्रजीत. हे पदक माझे नाही, हिंदुराव निकम सत्तावीस यांचे आहे, त्यांच्या नावे करावे. प्रत्येक अर्जाला उत्तर टाचलेलं होतं. नोंद तपासली, बरोबर आहे. माझ्या बापाला आलं होतं तेच वाक्य. शेवटी एक ताजा कागद होता. सत्काराला येणार नाही म्हणून त्यांनी आधीच कळवलं होतं.

मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिले. ज्याच्यावर ओरडायला आले होते तो माणूस पंधरा वर्षं माझंच काम करत होता.

“मला खाली कुणी आणलं, सांगितलं का तुझ्या बापानं कधी?” निकमांनी विचारलं. “भाजलेला पाय बरा झाला नव्हता. पळता येईना, तेवढ्यात खांद्याला लागलं. त्याच्या पाठीवर आलो मी. जीव बी त्याचा, मेडल बी त्याचं. दोन्ही माझ्याकडं.”

“मग तुम्ही आमच्या घरी यायचं होतं. नुसतं कागद पाठवून काय होतंय?”

त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली.

“आलो हुतो.”

“कधी?”

“एकोणऐंशी साली. ज्वारीची काढणी चालली हुती. सत्तावीस रानात हुता. तुझी आई दारात आली. तू तिच्या लुगड्याला धरून हुतीस, पाच-सहा वर्सांची. मी रुमालातलं मेडल तिच्या फुडं धरलं.”

“आणि?”

“म्हनली, भाऊ, पाया पडते तुमच्या, हे घरात आणू नका. लढाईचं नाव निघालं की चार-चार दिस ते अन्नाला शिवत न्हाईत. गेल्या साली विहिरीच्या काठावर जाऊन बसले हुते, कसं तरी हाताला धरून आणलं. आता कुठं माणसांत आल्यात. मला मेडल नको, मला माणूस पायजे. आन् खरंच वाकली गं माझ्या पायाशी. मी काय करणार? तसाच माघारी फिरलो.”

मला ते काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते आईचं तोंड पुसणं. पदराचं ते खरखरीत टोक, आणि तिचं गप्प राहणं. तिला माहीत होतं. मी रडत घरी यायचे तेव्हा खरं काय ते तिला माहीत होतं.

परतीच्या एसटीत मला राग कोणावर काढावा ते कळेना. आई तर हाताशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी आबांना सांगितलं. पत्र सांगितलं, पाटणला गेले ते सांगितलं, बहात्तर नंबरचे निकम मंगळवारी तालुक्याला येणार आहेत आणि दोघांनी प्रतिज्ञापत्र केलं की अर्ज पुढे जाईल, तेही सांगितलं. आईचं सांगितलं नाही. आबा अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. हात न धुताच बाहेर गेले. मी दारातून बघत होते. ते बांधावरून त्या टोकाला जायचे, वळायचे, परत यायचे. अधू पाय ओढत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मी मनात म्हटलं, आईनं सांगितलेले ते चार दिवस आता सुरू होणार, आणि ते मी आणलेत.

पण मंगळवारी सकाळी बघते तर आबा कोट घालून, टोपी नीट करून ओट्यावर तयार बसलेले.

बर्गे वकिलांच्या ऑफिसच्या पायरीवर बहात्तर नंबर आधीच येऊन थांबले होते. अंगाला आज पीठ नव्हतं. आबा दिसले तसे ते ताठ झाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मिठी मारतील, नाहीतर रडतील तरी.

“पाय कसा हाय?” बहात्तर म्हणाले.

“हाय तसाच,” आबा म्हणाले. “खांदा?”

“थंडीत धरतो.”

एवढंच. मग दोघं माझ्या टेबलासमोरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले.

बर्गे वकिलांनी सगळे कागद चाळले. साठीतला जाडजूड माणूस, कुणाला घाबरवायचा नाही आणि कुणाला आशाही लावायचा नाही. “साहेबांचं पत्र भक्कम आहे,” ते म्हणाले. “साहेब हयात आहेत का?”

“न्हाईत,” बहात्तर म्हणाले. “दहा वर्सं झाली.”

“मग हे पत्र आणि तुमच्या दोघांचा शब्द, एवढ्यावरच आहे सगळं. निकम, तुम्ही सांगा. शालन टाइप करेल.”

मी स्टॅम्पपेपर मशीनला लावला. बापाच्या तोंडून मी ती हकिकत तेवीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. आता ऐकणार होते ती बोटांनी.

आबांनी आधी नंबर सांगितला, पलटण सांगितली, तारीख सांगितली. आवाज अगदी कोरडा, कवायतीत हजेरी द्यावी तसा. पहाटे टेकडी घेतली. उजाडल्यावर समोरून मशीनगन सुरू झाली. मागं यायचा हुकूम झाला. उतारावर जखमी पडलेले. आपण परत वर गेलो. माझी बोटं चालत होती. घंटी वाजली की टाइपरायटरचा गाडा सरकवायचा, पुढली ओळ.

“किती जणांना खाली आणलंत?” बर्गे वकिलांनी विचारलं.

“तीन.”

मी थांबले. “आबा, पत्रात दोन आहेत.”

“तीन लिही.”

बर्गे वकिलांनी चष्मा काढला. “निकम, साहेबांच्या पत्रात एक आकडा आणि तुमच्या प्रतिज्ञापत्रात दुसरा, असं झालं तर वरचा कारकून नेमकं त्यावरच बोट ठेवेल. अर्ज तिथंच मेला म्हणून समजा. पदकासाठी दोन पुरेत. दोनच लिहू.”

“मग लिहूच नका,” आबा म्हणाले आणि उठून उभे राहिले.

माझा तोल गेला. “आबा! मी कुठं कुठं फिरले यासाठी. लोक काय म्हणतात ते तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं. आता हातातोंडाशी आलंय आणि तुम्ही एका आकड्यासाठी...”

“आकडा न्हवं त्यो!” आबांचा तेवढा चढलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बाहेरचे दोन पक्षकार डोकावले. “सर्जेराव यादव हाय त्यो.”

आबा उभेच होते, खुर्चीची पाठ धरून.

मग बहात्तर बोलले. “हुता. तिसरा हुता. मी खाली ओघळीत पडलो हुतो, मला दिसत हुतं. आधी मला आणलं. मग एका नव्या पोराला. मग ह्यो तिसऱ्यांदा वर गेला. त्या खेपंला ह्याच्या पायात गोळी गेली, तरी सर्जेरावाला घेऊन आला. खाली ठेवला तवा सर्जेराव संपला हुता.” ते वकिलांकडे वळले. “साहेबानं जिते मोजले. साहेबाचं काय चुकलं न्हाई. पण आणले तीन.”

बर्गे वकील बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“शालन,” ते शेवटी म्हणाले, “तीन लिही. त्यांपैकी एक खाली आणेपर्यंत मयत. दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात तसंच लिही. मेला अर्ज तर मेला.”

सह्या झाल्या. शिक्के पडले. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, आणि तिथं बहात्तर नंबरना राहवलं नाही. त्यांनी एकोणऐंशी साल काढलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांनी सगळं सांगून टाकलं. विहीर, आईचं वाकणं, ती काय म्हणाली ते.

आबांनी कप खाली ठेवला.

“अनुसया म्हणाली असं?”

“व्हय.”

“बरं केलं तिनं. त्या साली ते घरात आलं असतं तर मीच विहिरीत टाकलं असतं. आन् त्याच्या मागं मी.” ते उठले, रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, उगाच इकडे तिकडे बघितलं आणि परत आले. “पण मला सांगायचं हुतं तिनं. मरायच्या आधी तरी सांगायचं हुतं.”

मी उठून तिघांच्या चहाचे पैसे दिले.

अर्ज गेला. नंतरचे चौदा महिने मी पोस्टमनच्या सायकलीवर डोळा ठेवून काढले. एकदा सगळा गठ्ठा परत आला, प्रती कमी होत्या. पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा आला, एका पानावर शिक्का पुसट होता. पुन्हा पाठवला. ऑफिसात टाइप करताना माझ्या चुका व्हायला लागल्या. बर्गे वकील कागद परत देताना एवढंच म्हणायचे, “येईल गं.” आबा मात्र एकदाही विचारायचे नाहीत. फक्त दुपारी पोस्टमनच्या वेळेला ते काही ना काही काम काढून अंगणातच असायचे.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत जाड पाकीट आलं. मी अंगणातच फोडलं. डाळीची नोंद रद्द. डाव्या पायास गोळीची जखम, शत्रूच्या माऱ्यात. सेना मेडल. घायाळ पदक. खाली एक ओळ होती: तिसऱ्या जवानाबाबत उपलब्ध कागदपत्रांत उल्लेख आढळत नाही.

मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. आबांनी शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली.

बहात्तर नंबरनी पदक स्वतः आणून दिलं. गावानं शाळेत सत्कार ठेवला, नारळ झाला, फेटा झाला. तेच गुरुजी, आता पार वाकलेले, काठी टेकत आले आणि आबांचा हात धरून म्हणाले, “मी आपलं छापील होतं ते वाचलं, हिंदुराव.” आबा म्हणाले, “तुमचं काय चुकलं, गुरुजी?” पण सबंध कार्यक्रमभर ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, गाडी सुटायची वेळ झालेल्या माणसासारखे. भाषण करा म्हटलं तर हात जोडले आणि खाली उतरले. घरी येताना वाटेत मला म्हणाले, “उद्या सुट्टी घे. माण तालुक्यात जायचंय.”

“कुणाकडं?”

“सर्जेरावाच्या घरी.”

एसटीत ते खिडकीशी बसले. मांडीवर ते पाकीट. बाहेरची उघडी माळरानं मागं जात होती.

“आबा,” मी विचारलं, “घर माहीत होतं तर इतकी वर्षं का नाही गेलात?”

“कुठल्या तोंडानं जाऊ? मी जाऊन म्हणणार, तुमच्या पोराला मी पाठीवर आणला. आन् त्यांनी कुठनं तरी विचारलं तर कागद म्हणणार, ह्यो तर डाळ सांडून भाजलेला. लबाड ठरलो असतो तर सोसलं असतं गं. पण सर्जेरावाच्या मरणाचीबी लबाडी झाली असती.” त्यांनी पाकिटावर हात फिरवला. “मेडलचं मला काय करायचं हुतं?”

तेव्हा कुठं मला माझ्याच धावपळीचा अर्थ कळला. तोवर मला वाटत होतं, मी गावाचं तोंड बंद करायला धावतेय.

सर्जेराव यादवांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओसरी. आईवडील कधीच गेलेले. विधवा बहीण तेवढी राहत होती, हौसाबाई. पासष्टीच्या पुढची, सुपात बाजरी पाखडत बसलेली. “सर्जेराव यादवांचं घर हेच का?” म्हटल्यावर तिचं सूप थांबलं. ते नाव घेऊन त्या दारात बऱ्याच दिवसांत कोणी आलं नसावं.

आबांनी टोपी काढली. नाव सांगितलं, नंबर सांगितला, पलटण सांगितली. मग घाईघाईनं पाकीट उघडून कागद तिच्यापुढे धरला. “हे बघा, ताई. सरकारी हाय. शिक्का हाय. मी त्या लढाईत हुतो, सर्जेरावाबरोबर.”

हौसाबाईनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“मला वाचाया येत न्हाई,” ती म्हणाली. “तोंडानं सांगा.”

आबा खाली बसले. कागद त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी सांगितलं. टेकडी, मशीनगन, उतार. तिसरी खेप. सूप मांडीवरच होतं.

“जिता हुता का, तुमी उचलला तवा?”

“हुता.”

“काय बोलला?”

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते काहीतरी बरंसं सांगतील. घरची आठवण काढली, तुमचं नाव घेतलं. कुणीही सांगितलं असतं.

“हळू चाल म्हणाला,” आबा म्हणाले. “दोनदा म्हणाला. लई दुखत असणार त्याला. पण मागनं गोळ्या येत हुत्या, ताई. मी हळू चाललो न्हाई. मी पळालो. त्याला हिसके बसत हुते आन् मी पळतच हुतो. खाली ठेवला तवा त्यो... मी हळू चाललो असतो तर...”

छप्पन्न वर्षांचा तो माणूस ओसरीवर बसून हुंदके देत होता. मी बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे बघावं की दुसरीकडे, तेही मला कळत नव्हतं.

“हळू चालला असता तर दोघंबी तिथंच ऱ्हायला असता,” हौसाबाई म्हणाली. आवाजात समजावणं नव्हतं. रोजच्या कामातलं काही सांगावं तसं ती बोलत होती. मग तिनं विचारलं, “खांद्यावर घेतला हुता का पाठीवर?”

“पाठीवर.”

“मग त्याचा श्वास लागत आसंल तुमच्या मानंला.”

आबांनी वर पाहिलं. “लागत हुता.”

“कुठवर लागला?”

हा प्रश्न त्यांना पंचवीस-सव्वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. कुठल्या फॉर्मात त्याला जागा नव्हती.

“ओघळीच्या तोंडापर्यंत,” आबा म्हणाले. “तिथं एक वाळकं झाड हुतं. तिथवर लागत हुता.”

हौसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ती सावकाश उठली, आबांच्या मागं जाऊन उभी राहिली आणि बाजरीची धूळ लागलेला आपला तळवा तिनं त्यांच्या उघड्या मानेवर ठेवला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही.